जॉन्स्टन सिटीचा क्यू क्लब: पूल हॉलला जुगार तारतो की बुडवतो?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला, विल्यमसन काउंटीत, जॉन्स्टन सिटी नावाचं गाव आहे. नावात सिटी, पण १९६० च्या सुमाराला वस्ती जेमतेम चार हजारांची. हा कोळशाच्या खाणींचा पट्टा. १९२२ च्या खाणसंपात झालेलं हत्याकांड आणि दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांच्या मारामाऱ्या यांमुळे काउंटीचं नाव आधीच खराब झालेलं. शिकागो तिथून पाचेकशे किलोमीटर लांब. अशा आडगावात १९६१ ते १९७२ या काळात दरवर्षी देशातले पट्टीचे पूल (क्यू नावाच्या काठीने टेबलावरचे चेंडू कप्प्यांत घालायचा खेळ) खेळाडू जमायचे, आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकायचे आणि रात्र रात्र पैशांवर खेळायचे.

पूल हॉलवाल्यांमध्ये एक वाद फार जुना आहे. एक म्हणतो, पैसे लावणारी मंडळी नसली तर टेबलं रिकामी पडतील. दुसरा म्हणतो, तीच मंडळी बाकीच्यांना पळवून लावतात. दोघंही आपापल्या गल्ल्याकडे बघून बोलत असल्यामुळे वाद मिटत नाही. म्हणून मी जॉन्स्टन सिटीकडे वळलो. इथे जुगार मागच्या खोलीत दडवलेला नव्हता, सगळा कारभार त्याच्याभोवतीच उभा होता. त्यानेच गाव नकाशावर आणलं आणि शेवटही त्यानेच केला.

जॉर्ज आणि पॉली जॅन्स्को हे दोघे भाऊ. त्यांचा ‘शो बार’ नावाचा बार होता आणि त्याला लागून ‘क्यू क्लब’ ही छोटीशी बांधीव खोली. त्या काळी पूलचा धंदा उतरणीला लागला होता. १९२० च्या दशकात मोठ्या शहरांतल्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा असत, डेट्रॉइटमधल्या एका हॉलमध्ये तर शंभराहून जास्त टेबलं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक उपनगरांत राहायला गेले, संध्याकाळी टीव्हीपुढे बसू लागले आणि हॉल एकामागून एक बंद पडत गेले. विली मोस्कोनीने १९४१ ते १९५७ या काळात तब्बल पंधरा वेळा जगज्जेतेपद मिळवलं, पण नुसत्या स्पर्धांच्या बक्षिसांवर संसार चालेल अशी परिस्थिती तेव्हा कुणाचीच नव्हती. मोस्कोनीला निदान साहित्य बनवणाऱ्या ब्रन्सविक कंपनीचा आधार होता. बाकीच्या चांगल्या खेळाडूंना पोटापाण्यासाठी एकच रस्ता उरला होता: गावोगाव फिरायचं आणि पैसे लावून खेळायचं.

यांनाच हसलर म्हणत. अनोळखी हॉलमध्ये शिरायचं, मुद्दाम दोन-चार सोपे चेंडू चुकवायचे, थोडे पैसे हरायचे आणि समोरच्याला चढ आला की डाव मोठा करायचा. बकरा कापला गेला की पुढचं गाव. यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हा माणूस कोणत्याही हॉलचं कायमचं गिऱ्हाईक होऊच शकत नाही. चेहरा ओळखीचा झाला की त्याचा धंदा बसला. हॉलवाल्याला मात्र ओळखीचे चेहरेच हवे असतात. दोघांचं हित इथे पहिल्याच पायरीला फाटतं.

याला अपवाद असणारी ठिकाणंही होती. दुसऱ्या महायुद्धात व्हर्जिनियातलं नॉरफोक हे पूलवरच्या जुगाराचं माहेरघर झालं. ल्यूथर लॅसिटर, एडी टेलर, रुडॉल्फ वॉन्डरोन अशी सगळी बडी मंडळी तिथे तळ ठोकून होती. कारण उघड होतं. आरमाराचा तळ, गोदीत तीन पाळ्यांत चालणारं काम, आणि दर पगाराला खिशात रोकड घेऊन येणारे नवे खलाशी आणि कामगार. हरलेला माणूस बोटीवर निघून जायचा, त्याच्या जागी दुसरा यायचा. जुगारावर हॉल वर्षभर चालायचा असेल तर बाहेरून सतत ताजा पैसा आणि ताजी माणसं लागतात. युद्ध संपल्यावर नॉरफोकचा तो बहर ओसरला, त्याचं कारण हेच.

जॅन्स्को बंधूंकडे ना आरमार होतं ना गोदी. म्हणून त्यांनी उलटा डाव टाकला. बकरे शोधत हसलर फिरतात, तर आपण हसलरांनाच एकमेकांसमोर उभं करू आणि लोकांना ते बघायला बोलावू. ‘सगळ्यांत भारी कोण’ यावर बारमध्ये रोज हुज्जत चाले, तिचा एकदाचा निकाल लावावा म्हणून ही कल्पना निघाली असं सांगतात. हे खरं असो वा नसो, धंदेवाईक डोकं त्यामागे नक्कीच होतं.

१९६१ च्या पहिल्या स्पर्धेत फक्त वन-पॉकेट हा प्रकार ठेवला होता. यात टेबलाच्या एका टोकाच्या दोन कोपऱ्यांतला एकेक कप्पा एकेका खेळाडूचा. आपल्या कप्प्यात आधी आठ चेंडू घालणारा जिंकतो. खेळ संथ, बचावाचा, डोक्याचा. टीव्हीवर बघणाऱ्याला कंटाळा येईल, पण जुगाऱ्याला यासारखा खेळ नाही. दोघांच्या ताकदीत फरक असेल तर ‘तू सहा घाल, मी आठ घालतो’ असा तोल पाहिजे तितका बारीक साधता येतो. पुढच्या वर्षीपासून नाइन-बॉल आणि स्ट्रेट पूल हे पूलचे आणखी दोन प्रकारही आले आणि तिन्हींतल्या विजेत्यांमधून सर्वंकष विजेता ठरू लागला. लॅसिटरने हा मान अनेकदा मिळवला.

नशीबही धावून आलं. त्याच शरद ऋतूत पॉल न्यूमनचा ‘द हसलर’ प्रदर्शित झाला. जॅकी ग्लीसनने त्यात मिनेसोटा फॅट्स नावाचा खेळाडू रंगवला होता. जॉन्स्टन सिटीपासून जवळच डॉवेल नावाच्या खेड्यात राहणाऱ्या वॉन्डरोनने ताबडतोब जाहीर केलं की तो फॅट्स म्हणजे मीच. तोपर्यंत त्याला न्यूयॉर्क फॅट्स म्हणत. मूळ कादंबरीच्या लेखकाने हा दावा साफ नाकारला, पण वॉन्डरोन जन्मभर मिनेसोटा फॅट्स म्हणूनच मिरवला. त्या आडगावातल्या स्पर्धेवर ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने पहिल्याच वर्षी लेख छापला. पुढे टीव्हीचे कॅमेरे आले. १९६५ पासून जॅन्स्को बंधूंनी लास वेगासच्या स्टारडस्ट हॉटेलातही तशीच स्पर्धा भरवायला सुरुवात केली.

आता गल्ल्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

स्पर्धेचे दोन थर होते. संध्याकाळी अधिकृत सामने, बक्षिसं, प्रेक्षक. ते आटोपले की मागाहून रात्रभर खासगी डाव. या डावांमध्ये फिरणारा पैसा अधिकृत बक्षिसांच्या कितीतरी पट असायचा. खेळाडू एकटा नसायचा, त्याच्यामागे पैसा घालणारा पाठीराखा असायचा. भोवती बसलेले बघे आपापसांत वेगळ्या पैजा लावायचे. आकडे ऐकले की वाटतं, हॉलवाला मालामाल झाला असणार. पण हे पैसे जायचे कुठे? एका खेळाडूच्या खिशातून दुसऱ्याच्या, एका पाठीराख्याकडून दुसऱ्याकडे. टेबलावर हजार डॉलर असोत की दहा, टेबलाचं भाडं तेवढंच. मालकाची हक्काची कमाई म्हणजे तिकीट, दारू, जेवण. म्हणजे गल्ला भरायचा तो खेळणाऱ्यांमुळे नव्हे, बघणाऱ्यांमुळे. जुगार हा तिथे तमाशा होता आणि जॉर्ज जॅन्स्को हा त्याचा पक्का फडमालक. त्याची अक्कल इथे दिसते: त्याने जुगार विकला नाही, जुगाराचं दर्शन विकलं.

आणि हे सगळं वर्षातून काही आठवडे. बाकीचे महिने चार हजारांच्या गावात तेच खाणकामगार, तीच टेबलं. आमच्याकडे जत्रेच्या गावी देवळासमोरचा हलवाई आठवड्याभरात वर्षाची कमाई करतो, पण म्हणून त्या गावात मिठाईचा धंदा चांगला चालतो असं कुणी म्हणत नाही. क्यू क्लबकडे बोट दाखवून ‘बघा, जुगाराने पूल जगवला’ म्हणणारे नेमकी हीच गफलत करतात. जुगाराने एक जत्रा जगवली.

रोजच्या हॉलचं गणित वेगळं असतं. ते मांडायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा पुण्यातल्या एखाद्या पार्लरमध्ये तासाचा दर २०० रुपये आहे. दोघे जण २० हजारांची पैज लावून सलग सहा तास खेळले, तर मालकाला मिळाले १,२०० रुपये आणि वर चहा-सिगरेट. वाईट नाही, सलग सहा तास टेबल अडलेलं राहिलं. पण हरलेला माणूस २० हजार गमावून घरी गेला. तो पुढच्या आठवड्यात येईल? एखाद-दुसऱ्या वेळी येईल, भरपाई करायला. मग येणं बंद. तोच माणूस पैज न लावता आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास खेळला असता, तर महिन्याला १६ तास, ३,२०० रुपये, आणि वर्षानुवर्षं. जिंकलेल्याने ते २० हजार काही हॉलच्या गल्ल्यात टाकले नाहीत, ते पैसे हॉलच्या दाराबाहेर गेले. कच्चा खेळाडू हे हॉलचं भांडवल, आणि जुगार ते भांडवल एका रात्रीत वाटून टाकतो.

इथे दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मानलं पाहिजे. पैज लागली की खेळ सुधारतो, हे पूलमधला कुणीही सांगेल. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस पैशांच्या डावांवरच घडला. १९८५ मध्ये तो सेझार मोरालेस असं खोटं नाव घेऊन ह्यूस्टनला आला आणि तिथली स्पर्धा जिंकून अमेरिकेला चकित केलं. असे खेळाडू सराव करून करून तयार होत नाहीत, हरलो तर परतीचं भाडं नाही अशा भीतीतून तयार होतात. शिवाय हॉलमध्ये एका टेबलावर मोठा डाव लागला की त्याच्याभोवती पंधरा माणसं गोळा होतात, त्यांना तहानही लागते. हे सगळं खरं आहे. पण उत्तम खेळाडू घडणं आणि हॉलचं भाडं निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ या वादात कायम होते.

माझ्या मते १९६१ नंतरच्या काही वर्षांतली सर्वांत बोलकी घटना जॉन्स्टन सिटीत घडलीच नाही. ‘द हसलर’ बघून देशभर लाखो लोकांना क्यू हातात घ्यावासा वाटला. उपनगरांत गालिचे घातलेले, लख्ख उजेडाचे, बायकामुलांना बोलावणारे ‘फॅमिली बिलियर्ड’ हॉल उघडले. या लोकांना जुगार खेळायचा नव्हता, जुगाऱ्याच्या रुबाबात चेंडू मारायचा होता. १९८६ मध्ये त्याच चित्रपटाचा पुढचा भाग ‘द कलर ऑफ मनी’ आला तेव्हाही हेच झालं. जुगाराची गोष्ट गिऱ्हाईक आणते, प्रत्यक्ष जुगार समोर दिसला की तेच गिऱ्हाईक बिचकतं. अर्थात साठच्या दशकातले ते गालिच्याचे हॉलही पुष्कळसे लवकरच बंद पडले. नुसत्या सोवळेपणानेही टेबलं भरत नाहीत. पडद्यावरची नवलाई संपल्यावर पुन्हा पुन्हा यावं असं कारण त्यांनी गिऱ्हाइकाला दिलंच नव्हतं.

तिकडे जॉन्स्टन सिटीचा शेवट जवळ येत होता. १९६९ मध्ये जॉर्ज वारला, कारभार पॉलीकडे आला. १९७० मध्ये अमेरिकन संसदेने संघटित गुन्हेगारी नियंत्रणाचा कायदा केला. राज्याच्या कायद्यात न बसणारा जुगाराचा धंदा पाच किंवा अधिक माणसं मिळून चालवत असतील, आणि तो तीस दिवसांहून जास्त चालला असेल किंवा एका दिवसात त्यात २,००० डॉलर मिळकत झाली असेल, तर तो केंद्राचा गुन्हा ठरला. तोपर्यंत गावातल्या पोलिसांनी काणाडोळा केला की भागत होतं. आता भागेना. १९७२ च्या स्पर्धेत केंद्रीय अधिकाऱ्यांनी छापा घातला, खेळाडूंना ताब्यात घेतलं आणि त्या वर्षानंतर जॉन्स्टन सिटीची स्पर्धा पुन्हा भरली नाही.

धंदा म्हणून बघितलं तर इथे शिकण्यासारखं बरंच आहे. ज्या प्रसिद्धीमुळे प्रेक्षक आले, त्याच प्रसिद्धीमुळे छापा पडला. टीव्हीवर दाखवला जाणारा बेकायदा जुगार फार काळ टिकणं शक्यच नव्हतं. चोरून चालवला असता तर टिकला असता, पण मग प्रेक्षक कुठून आले असते?

सात वर्षांनी, १९७९ मध्ये, टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी एक लीग सुरू केली. आज ती अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन म्हणून ओळखली जाते, आणि तिचे सभासद अडीच लाखांच्या आसपास असल्याचं संस्था सांगते. या दोघांनी काही नवीन शोधून काढलं नाही. जुगाऱ्यांची युक्ती उचलली आणि तिच्यातली लबाडी काढली. हसलर डाव लावताना तोल साधतो, ‘तुला इतके चेंडू सूट’ म्हणतो, पण ती सूट तो स्वतःच्या सोयीची ठरवतो. लीगने प्रत्येक खेळाडूला त्याच्या आधीच्या खेळावरून आकडा दिला. एट-बॉल या प्रकारात २ ते ७. कमी आकड्याच्या माणसाला कमी डाव जिंकावे लागतात, म्हणजे कच्च्यालाही खरी संधी मिळते. त्यावर एक मोठा हुशारीचा नियम: सामन्यात उतरणाऱ्या पाच जणांच्या आकड्यांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. पाच सत्ते घेऊन संघ बनवताच येत नाही. जिंकायचं असेल तर लिंबूटिंबू सोबत हवेतच. हसलरला कच्चा खेळाडू लुटायला हवा असतो, इथे संघाला तो जपायला हवा असतो. माणूस ऑफिसातल्या मित्राला, बायकोला, मेहुण्याला घेऊन येतो. आठवड्यातली एक रात्र ठरलेली, आणि तीही बहुधा अशी की जेव्हा एरवी हॉल ओस पडलेला असतो. प्रत्येक जण थोडी वर्गणी भरतो आणि लास वेगासच्या स्पर्धेचं स्वप्न बघतो. पैजेची चव आहे, पण हरण्याला मर्यादा आहे.

लबाडी पूर्ण गेली असं मात्र नाही. आकडा कमी राहावा म्हणून मुद्दाम वाईट खेळणारे लीगमध्येही असतात, आणि त्यांना पकडण्यात संस्थेची बरीच शक्ती जाते. हसलर मेला नाही, त्याने संघाचा टी-शर्ट घातला इतकंच.

मोठा जुगार कुठे गेला? तो जिथे बसायला हवा तिथे जाऊन बसला. १९९९ मध्ये सुरू झालेली डर्बी सिटी क्लासिक ही स्पर्धा म्हणजे जॉन्स्टन सिटीचीच नात. वन-पॉकेट, बँक (चेंडू टेबलाच्या कडेवर आपटवून कप्प्यात घालायचा प्रकार) आणि नाइन-बॉल, आणि सामने संपल्यावर रात्रभर चालणारे खासगी डाव. लुइव्हिलला सुरू होऊन पुढे ती जवळच इंडियानातल्या एका कॅसिनो हॉटेलात गेली. कॅसिनोला परवाना आहे, कमाईची दुसरी साधनं आहेत. चार पूल टेबलांवर कोण किती हरलं यावर त्यांचं भाडं अवलंबून नाही. कोपऱ्यावरच्या आठ टेबलांच्या हॉलची तशी स्थिती नसते.

आपल्याकडच्या पार्लरवाल्यांना यातलं काय लागू पडतं? पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, नाशकात पूल-स्नूकर पार्लरमध्ये सगळ्यात रुळलेली पैज म्हणजे ‘हरणाऱ्याने टेबल भरायचं’. धंद्याच्या नजरेने ही पैज मला अगदी नामी वाटते. रक्कम लहान, हरणाऱ्याला बोचते पण झोंबत नाही, आणि मुख्य म्हणजे हरलेला पैसा दुसऱ्या खेळाडूकडे न जाता थेट गल्ल्यात येतो. ‘अजून एक फ्रेम’ म्हणत पोरं तास वाढवतात ते यापायीच. क्यू क्लबमध्ये रात्रभर जे फिरत राहिलं आणि मालकाच्या हाती लागलं नाही, ते इथे दोनशे-चारशे रुपयांच्या पैजेत आपोआप साधतं.

मोठ्या पैजांचा मामला कायद्यामुळेही नाजूक आहे. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. त्याचं १३ वं कलम निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतं, आणि पूल हा कौशल्याचा खेळ आहे यावर फारसं दुमत होणार नाही. म्हणून काही मालक निर्धास्त असतात. पण १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीच्या खटल्यात एक महत्त्वाची मेख मारून ठेवली. रमी मुख्यतः कौशल्याची, क्लबने पत्त्यांसाठी थोडी फी घेतली तर तो गुन्हा नाही. मात्र पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा लागू होऊ शकतो. म्हणजे तासाचं ठरलेलं भाडं घेणारा मालक एका बाजूला, आणि जिंकलेल्या पैशातून टक्केवारी कापून घेणारा दुसऱ्या. बाकड्यावर बसून दुसऱ्याच्या खेळावर पैसे लावणाऱ्यांचं काय, तेही स्वतःच्या कौशल्यावर खेळतात असं म्हणायला कोणत्याही वकिलाला घाम फुटेल.

एखाद्या मालकाने मला विचारलंच, तर मी मंगळवारची संध्याकाळ लीगला दे म्हणेन. पाच-सहा संघ, प्रत्येकाला आकडा, आकड्यांच्या बेरजेवर मर्यादा, माणशी शंभर-दोनशे वर्गणी आणि सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर गुणतक्ता. पट्टीचे दोन खेळाडू आपापसांत काही लावून खेळत असतील तर टेबलाचं भाडं वाजवून घ्यावं आणि त्यांच्या पैशांना हात लावू नये. नवख्या पोराला ते डावात ओढायला लागले, की त्याच क्षणी लाइट बंद करावा.